न वाचणारा कारकून

प्रोग्राममधून मजकूर क्लाउडवर चढवायला तीन ओळींचा कोड पुरतो, असं शिकवणारे सगळेच सांगतात. ते खोटंही नाही. पायथनमध्ये पहिल्या ओळीत बोटो-थ्री नावाची लायब्ररी बोलवायची. (बोटो हा अ‍ॅमेझॉन नदीतला डॉल्फिन. लायब्ररीला हे नाव सुचलं त्या दिवशी लिहिणारा खुशीत असणार.) दुसऱ्या ओळीत अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणीशी संधान बांधायचं. तिसऱ्या ओळीत म्हणायचं, अमुक बकेटमध्ये (म्हणजे तिथल्या आपल्या पेटीत), अमुक नावाखाली, हा मजकूर ठेवून घे. संपलं. शिकवणारा चहा प्यायला निघून जातो आणि आपण तिसऱ्या ओळीपाशी बसून राहतो.

माझं पोट याच उद्योगावर चालतं. इकडचा मजकूर उचलून तिकडे ठेवणाऱ्या स्क्रिप्ट लिहायच्या. बिलांचे तपशील, ग्राहकांना गेलेली पत्रं, सर्व्हरच्या नोंदी. हा मजकूर पाठवणारा वाचत नाही, ठेवणारा वाचत नाही, आणि ज्याच्यासाठी तो लिहिलेला असतो तोही खालच्या ‘मान्य आहे’वर टिचकी मारून मोकळा होतो. त्यामुळे मजकूर नीट पोचला की नाही, याची कसोटी एवढीच की कुणी तक्रार केली नाही.

मग नाना आले. नाना आमच्याच सोसायटीतले. उभा जन्म छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेलेला. त्यांच्या आईला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या आणि थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, त्या जमतील तशा वह्यांत उतरवून ठेवल्या होत्या. वह्यांचे कागद आता कडेने तुटायला लागले म्हणून नानांनी त्या टाइप करायला घेतल्या. मुळशीकडच्या या ओव्या. त्या भागातल्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. ते काम नानांना ठाऊक होतं. “पण त्यात आमची आई नाही,” ते म्हणाले. “तू रोज त्या क्लाउडवर काहीबाही टाकत असतेस, त्यात आमच्या आईलाही टाक.”

मी हो म्हटलं. माझ्या आजवरच्या नोकरीत पहिल्यांदाच असा मजकूर जाणार होता, जो कुणीतरी अक्षरन्‌अक्षर वाचणार होतं. आणि वाचणाऱ्याचा पेशाच चुका पकडण्याचा होता.

एस-थ्रीचा स्वभाव नानांना समजावून सांगायला मी जुन्या सरकारी कचेरीतल्या आवक-जावक कारकुनाचा दाखला दिला. टपाल आलं की तो शिक्का मारतो, रजिस्टरात नोंद करतो, पोच देतो आणि पाकीट गठ्ठ्यात ठेवतो. आत प्रेमपत्र आहे की जप्तीची नोटीस, त्याला कर्तव्य नाही. मागाल तेव्हा जसंच्या तसं पाकीट काढून देईल. नानांनी अशा कचेऱ्यांत बरेच हेलपाटे घातलेले होते. ते म्हणाले, “तो वाचत नाही हे ठीक. पण बाकी बाबतींत छळतो, ते तुझ्या क्लाउडमध्ये आहे का?”

आहे, नाना. भरपूर आहे.

सुरुवात नावापासून. बकेटचं नाव ३ ते ६३ अक्षरांचं हवं. रोमन छोटी अक्षरं, आकडे, टिंब आणि आडवी रेघ एवढंच चालतं. कॅपिटल चालत नाही, अंडरस्कोअर चालत नाही, मराठीचं तर नावच नको. शिवाय तेच नाव जगात दुसऱ्या कुणी घेतलेलं नसावं. एस-थ्री १४ मार्च २००६ ला सुरू झालं. म्हणजे सोपी, सुटसुटीत नावं अडवून बसायला जगाला भरपूर सवड मिळालेली आहे. नानांना नुसतं ‘ओवी’ हवं होतं. शेवटी आईचं नाव, आडवी रेघ, गावाचं नाव, आडवी रेघ आणि पिनकोड असं जमलं. “पत्ताच झाला हा,” नाना म्हणाले, पण त्यांना ते आवडलेलं दिसलं.

बकेटच्या आत मात्र मराठी नावं चालतात. प्रत्येक नगाचं नाव १०२४ बाइट्सपर्यंत लांबवता येतं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स खातं, त्यामुळे आपल्या वाट्याला ३४१ चिन्हं येतात. एखादी अख्खी ओवीच नाव म्हणून देता येईल इतकी ही जागा आहे. नानांनी विषयवार फोल्डर सांगितले: माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सीता. स्क्रिप्ट लिहिता लिहिता मी त्यांना सांगितलं, की खरं तर इथे फोल्डर नसतातच. ‘सासुरवास’, मग तिरपी रेघ, मग ‘०१२’ हे सगळं मिळून एकच लांबलचक नाव. तिरपी रेघ दिसली की पडद्यावर फोल्डरचं चित्र काढून दाखवतात, तेवढंच.

“म्हणजे कपाटाला खण नाहीत. चिठ्ठीवर नुसतं लिहिलंय, खण तिसरा.”

“तसंच.”

“मग उद्या ‘सासुरवास’चं ‘सासर’ करायचं झालं तर?”

“त्यातली प्रत्येक ओवी नव्या नावाने पुन्हा ठेवायची आणि जुनी काढून टाकायची.”

“राहू दे सासुरवासच,” नाना म्हणाले.

स्क्रिप्ट आपल्याच कॉम्प्युटरवरून चालावी असा त्यांचा आग्रह होता. तो कॉम्प्युटर चांगला वयात आलेला, आणि त्याची आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली. बंद करून चालू केला की तो थेट काही वर्षं मागे जाऊन उभा राहायचा. नानांना त्याचं काही नव्हतं. टाइप करायला तारीख लागत नाही. क्लाउडला लागते. पाठवणाऱ्याचं घड्याळ आणि त्यांचं घड्याळ यांत १५ मिनिटांहून जास्त तफावत दिसली, की एस-थ्री मजकुराला हातही लावत नाही. यामागे कारण आहे. प्रत्येक विनंतीवर आपली सही असते आणि त्या सहीत वेळ गुंफलेली असते. वाटेत कुणी ती विनंती चोरली आणि दोन दिवसांनी आपल्या नावाने पुन्हा पुढे केली, तर शिळी सही चालू नये म्हणून ही मुदत. मला वाटलं नाना चिडतील. पण ‘ठीक सहा वाजता’ असं छापलेल्या असंख्य निमंत्रणपत्रिकांची प्रुफं त्यांनी वाचलेली होती आणि ते कार्यक्रम किती वाजता सुरू झाले तेही पाहिलेलं होतं. ते म्हणाले, “पंधरा मिनिटं जास्तच दिलीत. पाच पुरे होती.”

सही करायला जो गुप्त संकेत लागतो, तो चाळीस अक्षरांचा असतो आणि तयार होतो त्या वेळी एकदाच दाखवला जातो. नंतर हरवला तर पुन्हा दाखवत नाहीत, नवा घ्यावा लागतो. भली भली मंडळी हा संकेत कोडातच लिहून ठेवतात आणि तो कोड इंटरनेटवर खुला टाकतात. अशा किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्राम टपलेलेच असतात, आणि मग कुणाच्या तरी खात्यावर रातोरात परक्यांचे सर्व्हर चालतात. नानांनी तो संकेत कॉम्प्युटरवर कुठेच ठेवू दिला नाही. ठळक अक्षरांत लिहून घेतला आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली नोंदवला. स्क्रिप्ट चालवताना चष्मा लावून तो तिथून वाचून टाइप करतात. संगणकसुरक्षेवर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. दुधाच्या हिशेबाखाली शोधायला जाईल असा चोर त्यांपैकी एकाही व्याख्यानात नव्हता.

स्क्रिप्ट चालली. समोरून २०० हा आकडा आला. वेबच्या भाषेत २०० म्हणजे मिळालं, सगळं ठीक. नाना म्हणाले, “पोच आली. आता वाचून दाखव.”

इथून खरी गंमत सुरू होते. त्यांना तीन ओळींचाच कोड पाहायचा होता, म्हणून पहिली ओवी मी तशीच पाठवली होती, काही न सांगता. बकेट खाजगी असते, म्हणून ठरावीक मुदतीची एक लिंक करून त्यांना दिली. लिंक दाबली तर ओवी उघडलीच नाही. फाइल खाली उतरून डाउनलोडच्या ढिगात जाऊन पडली. कारण आत काय आहे हे आपण कारकुनाला सांगितलं नाही, तर तो पाकिटावर ‘बाइट्स’ एवढंच लिहितो. चित्र असेल, गाणं असेल, ओवी असेल, त्याच्या लेखी सगळे बाइट्स. मग ब्राउझर बिचारा हे दाखवायचं कसं, या विचारात पडतो आणि तुमचं तुम्हीच बघा म्हणून हातात ठेवतो.

दुसऱ्या खेपेला मी मजकुराचा प्रकार सांगितला: साधा मजकूर. आता ओवी पडद्यावर उघडली, आणि नाना खुर्चीत पुढे सरकले.

आईच्या ओवीचं पहिलं अक्षर ‘म’ होतं. त्या जागी आता तीन चिन्हं होती. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढे चारी कोपऱ्यांना फाटे फुटलेलं एक बारकं वर्तुळ, आणि त्यापुढे मालाच्या खोक्यांवर असतो तो गोलातला आर. पुढे अख्खी ओळ याच थाटाची.

“खिळ्यांची केस सांडली वाटतं,” नाना म्हणाले.

मी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं, पण ते ऐकत नव्हते. त्यांनी पेन्सिल काढली आणि पडद्यापासून इंचभर अंतरावर धरून ओळीवरून चालवायला लागले. प्रुफं वाचणाऱ्याची सवय. थोड्या वेळाने म्हणाले, “तीन-तीनचे गट आहेत. पहिलं चिन्ह सगळीकडे तेच. दुसरं, या दोघांपैकी एक. बदलतंय ते तिसरं. म्हणजे मजकूर शाबूत आहे गं. वाचणाराच चुकतोय.”

यूटीएफ-८ ची रचना इतक्या कमी वेळात ओळखलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवता जेवता, ताटाखालच्या कागदावर ही रचना मांडली. रोमन अक्षराला एक बाइट, आणि आपल्यासारख्यांना तीन. देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक चिन्ह त्याच एका बाइटने सुरू होतं, दुसऱ्या जागी दोनच पर्याय असतात आणि खरं अक्षर तिसऱ्यात. तीन बाइट्स मिळून एक ‘म’ आहे हे ब्राउझरला सांगितलं नाही, तर तो आपल्या युरोपी वळणाने तिन्ही सुटे सुटे वाचतो. पाठवताना ‘साधा मजकूर’ यापुढे ‘यूटीएफ-८’ एवढं जोडलं, की आई पुन्हा मराठी बोलू लागते. काही ब्राउझर न सांगताही अंदाज बांधतात. पण आईच्या ओव्या अंदाजावर सोडायला नाना तयार नव्हते.

वह्यांपैकी दोन वह्यांचं टायपिंग मागेच कधीतरी एका डीटीपीवाल्याने केलेलं निघालं, त्या काळच्या फॉन्टात. हे फॉन्ट म्हणजे मोठं मजेशीर प्रकरण होतं. कॉम्प्युटरच्या लेखी आत सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हंच. त्यांच्यावर फक्त मराठी आकार चढवलेले. फॉन्ट काढून घेतला, की ओवीचं पितळ उघडं. अशी फाइल क्लाउडवर ठेवली, तर तो ती तशीच, इंग्रजी बरळ म्हणून, निष्ठेने सांभाळत बसेल. ती यूनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीला स्वतःची चिन्हं देणाऱ्या पद्धतीत, आणायला रूपांतराचा प्रोग्राम लागतो आणि त्यात सगळ्यात जास्त छळते ती पहिली वेलांटी. ‘कि’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, मग ‘क’. जुन्या फॉन्टांतही क्रम तोच. यूनिकोडमध्ये मात्र आधी ‘क’, मग वेलांटी, कारण तिथे क्रम दिसण्याचा नाही, उच्चाराचा. म्हणून प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून एक घर पुढे ठेवायची. पुढे जोडाक्षर असेल, तर ते अख्खं ओलांडून. नाना म्हणाले, “आम्हीही खिळे जुळवताना वेलांटी आधीच लावायचो. पन्नास वर्षांनी कळलं, उच्चाराने ती नंतर येते.” तरी त्यांनी रूपांतर झालेली पानं पुन्हा मूळ वहीशी ताडून पाहिली. प्रोग्रामवर त्यांचा विश्वास नव्हता आणि तो नव्हता हेच बरं झालं. तीन ठिकाणी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता.

मग उद्‌भवलं ‘वाऱ्या’चं प्रकरण. पंढरीच्या ओव्यांत एका नगाचं नाव ‘वाऱ्या’ असं होतं. यादी काढली तर ‘वाऱ्या’ दोनदा. दोन्ही अगदी सारखे. नानांनी भिंग लावून पाहिलं, मी अक्षरं मोठी करून पाहिली. फरक नाही. कारकून मात्र ठाम, की ही दोन वेगळी नावं आहेत. त्याचं बरोबर होतं. चंद्रकोरीसारख्या पोकळीचा तो आपला खास मराठी ‘ऱ्य’ ज्यातून तयार होतो, तो ‘ऱ’ दोन रीतींनी लिहिता येतो. एक, त्याचं स्वतःचं स्वतंत्र चिन्ह. दुसरी रीत, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, बाइट्स वेगळे. एका ठिकाणी नानांच्या कीबोर्डवरून आलेला ‘ऱ’ होता, दुसऱ्या ठिकाणी रूपांतरातून आलेला. यावर उपाय असा, की पाठवण्याआधी सगळा मजकूर एका प्रमाणरूपात आणून घ्यायचा. पायथनमध्ये त्याला एक ओळ पुरते. तीन ओळींचा कोड इथवर बराच लांबला होता, हे वेगळं सांगायला नको. नाना त्या संध्याकाळी जरा गप्प होते. डोळ्यांना न दिसणारी चूक त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटली होती.

पाठवलेला मजकूर वाटेत बदलला नाही ना, हे पाहायची सोय मात्र त्यांना मनापासून पटली. अशा साध्या, एका दमात पाठवलेल्या फाइलीची पोच देताना एस-थ्री एक ३२ अक्षरांची खूणही देतं. ही खूण मजकुरातूनच गणिताने काढलेली असते. मजकूर एका ओळीचा असो की हजार पानांचा, खूण ३२ अक्षरांचीच. आत एक अनुस्वार गळला तरी ती ओळखू येणार नाही इतकी बदलते. तेच गणित आपण आपल्याकडे करायचं आणि दोन्ही खुणा जुळवून पाहायच्या. “नाथांना हे मिळायला हवं होतं,” नाना म्हणाले. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, कारण जवळजवळ तीनशे वर्षं हातांनी नकला होता होता पाठ बिघडत गेले होते. शेवटी यात कुणी आपली ओवी घुसडू नये, असंही त्यांनी बजावून ठेवलं. नानांच्या मते मराठीतले पहिले मुद्रितशोधक तेच, मुद्रण यायच्या आधीचे. मला यावर वाद घालायचा नाही.

मात्र नाथांकडे ताडून पाहायला प्रती होत्या. क्लाउडमध्ये त्याच नावाने नवा मजकूर पाठवला, की जुना मुकाट्याने नाहीसा होतो. विचारत नाही, बजावत नाही. जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या असतील, तर तशी सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. नानांनी ती चालू करायला लावली. एका ओवीत त्यांनी अक्कांचा ‘पान्यावर’ बदलून ‘पाण्यावर’ केला होता आणि रात्री झोप न लागून सकाळी पुन्हा ‘पान्यावर’ केला होता. “आई तसंच म्हणायची. दुरुस्त करणाऱ्याचा काही भरवसा नाही, माझासुद्धा.”

भाड्याचा हिशेब त्यांनी मागितला, तेव्हा मी ज्ञानेश्वरीच घेतली. सुमारे ९,००० ओव्या. ओवीला शंभर चिन्हं धरू, चिन्हाला तीन बाइट्स. झाले २७ लाख बाइट्स, तीन एमबीसुद्धा नाहीत. लग्नातला एखादा फोटो याहून जड असतो. एस-थ्रीचा मुंबईतला दर महिन्याला एका जीबीला साधारण अडीच सेंट. अख्ख्या ज्ञानेश्वरीचं महिन्याचं भाडं एक पैसाही होत नाही. मात्र दर पाठवणीचे पैसे वेगळे लागतात, हजार पाठवण्यांना अर्धा सेंट. ओव्या एकेक करून पाठवल्या, तर पाठवणीचाच खर्च पन्नासहून अधिक वर्षांच्या भाड्याइतका होतो. रुपयांत सांगायचं तर चारेक रुपये. म्हणून शहाणे लोक बारका मजकूर एकत्र बांधून एकाच फाइलीत पाठवतात. नानांनी हिशेब लक्षपूर्वक ऐकला, बरोबर आहे म्हणाले आणि ओव्या एकेकच पाठवायला सांगितल्या. प्रत्येकीला वेगळं नाव दिलंय ना.

“आणि हे सगळं टिकणार किती?”

याचं उत्तर अ‍ॅमेझॉनने छापील दिलेलं आहे: ९९.९९९९९९९९९ टक्के. दशांशचिन्हापुढे नऊ नऊ. त्याचा अर्थही त्यांनीच सांगितला आहे. एक कोटी नग ठेवले, तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादा हरवेल. नाना म्हणाले, “आणि त्याची तक्रार कुठे करायची?”

नाही म्हणायला, ही यंत्रणा अडखळते कधीमधी. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत व्हर्जिनियातलं एस-थ्री चारेक तास कोलमडलं होतं. कर्मचारी बिलिंगच्या यंत्रणेतली अडचण शोधत होते. थोडेसे सर्व्हर बाजूला काढायचा हुकूम द्यायचा होता, तो टाइप करताना एक गोष्ट चुकीची पडली आणि हवे होते त्याहून खूप जास्त सर्व्हर गेले. असंख्य वेबसाइट ठप्प झाल्या. सेवा चालू आहे की बंद हे सांगणारा अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून असल्यामुळे तो बराच वेळ सगळं ठीक असल्याचं दाखवत राहिला. ही हकिगत नानांना मी सांगितली आणि पस्तावले. महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, “टंकनदोष! एवढी मोठी कंपनी, पण प्रूफ वाचायला एक माणूस ठेवला नाही.”

तरीही ठेवलेलं हरवेल याची भीती मला फारशी वाटत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला एका कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांनी दुसरी प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती त्यांचं गेलं, हे खरं. नानांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर आहे आणि तिसरी, म्हणजे मूळ वही, तांदळाच्या डब्याशेजारच्या पत्र्याच्या पेटीत. मला भीती वाटते ती ठेवण्याआधीच गेलेल्या मजकुराची.

एका मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली मध्यंतरी माझ्याकडे आल्या होत्या. उघडल्या तर आत नुसती प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी, परिच्छेदांत नीट मांडलेली प्रश्नचिन्हं, मधे स्वल्पविराम आणि पूर्णविराम जागच्या जागी. कुणीतरी कधीतरी ती फाइल ‘एएनएसआय’ नावाच्या जुन्या पद्धतीने सेव्ह केली होती. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, मग तिने प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं. नानांच्या ‘म’चे झालेले तीन तुकडे पुन्हा जोडता येतात, कारण तिन्ही बाइट्स हजर असतात. वेलांटी सरकवता येते. रफार हलवता येतो. प्रश्नचिन्हाच्या मागे मात्र काही उरलेलंच नसतं. मी त्या मंडळाच्या सचिवांना फोन केला तर ते म्हणाले, “पण आम्ही तर सगळं क्लाउडवर ठेवलंय!” ठेवलं होतंच. क्लाउड ती प्रश्नचिन्हं दहा हजार वर्षं एकही न गाळता सांभाळेल.

तेव्हा घरात कुणाच्या वह्या असतील, पत्रं असतील, आजीच्या पाककृती असतील, तर टाइप करायला घ्या. अपलोडची स्क्रिप्ट कुणीही लिहून देईल, ओळखीत एखादी प्रोग्रामर असतेच. टाइप यूनिकोडमध्ये करा. फाइल सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’च्या रकान्यात यूटीएफ-८ आहे ना, ते एकदा बघून घ्या. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं, की तो रकाना खाली सेव्हच्या बटणाला लागूनच असतो.